चौघींना चालणारा वार

आमच्या घरात मासे कधी खायचे हे भुकेवर ठरत नाही, वारावर ठरतं. सोमवार शंकराचा आणि गुरुवार दत्ताचा, हे दोन माझे. मंगळवार आणि शनिवार नवऱ्याचे. तो खात नाही म्हणून त्या दिवशी घरात शिजत नाही, पण बाहेर खायला मी मोकळी. एवढा हिशेब लालबाग-परळमधलं शेंबडं पोरही सांगेल. त्यात वर संकष्टी, एकादशी, श्रावण, गणपती, नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार. बाहेरच्या माणसाला वाटतं, कोकणातली माणसं म्हणजे रोज मासे. रोज कसले? अर्धं वर्ष आम्ही माशांची वाट बघण्यात घालवतो, आणि उरलेल्या अर्ध्यात पाहुणे येतात.

हे सगळं आधीच सांगते आहे, कारण पुढे जे लिहायचं आहे ते या वारांमुळेच घडलं. निदान इतके दिवस मी स्वतःला तसं सांगत आले.

आम्ही चौघी मैत्रिणी होतो. दादरच्या एका टायपिंगच्या क्लासात भेटलो. गिरण्या बंद पडल्या तेव्हा आमच्या भागात मुलींना टायपिंगला घालायची लाटच आली होती. बाप घरी रिकामा बसला की सगळ्यांचं लक्ष मुलीच्या बोटांकडे जायचं. मी लालबागची. दुसरी गिरगावातली, खोताच्या वाडीच्या शेजारच्या चाळीत राहणारी; शुद्ध बोलायची आणि आमचं अशुद्ध बोलणं चष्म्यावरून बघत ऐकायची. तिसरी माहीमची, एकदा हसायला लागली की पाणी प्यायला लागायचं इतकी हसणारी. आणि चौथी वरळीच्या बीडीडी चाळीतली. नावं लिहीत नाही, कारण त्यातल्या दोघी अजून आहेत आणि दोघींना वाचायची सवय आहे. क्लासात एकाच नावाच्या तीन-तीन मुली होत्या, म्हणून आम्ही एकमेकींना राहत्या जागेवरून हाक मारायचो. गिरगाववाली, माहीमवाली, वरळीवाली. पुढे गिरगाववाली लग्न होऊन बोरिवलीला गेली, तरी ती गिरगाववालीच राहिली.

परीक्षेचा निकाल लागला, चौघी पास झालो, आणि माहीमवालीने टूम काढली की हॉटेलात जाऊन जेवायचं. चहा-वडा नव्हे, ताट वाढून घेऊन जेवायचं. तोवर मी हॉटेलात जेवले होते ते घरच्यांबरोबर, तेही दोनदा, आणि दोन्ही वेळा वडिलांनी काय मागवायचं ते ठरवलं होतं. दादर पश्चिमेला, फुलबाजारापासून जरा आत, एक मालवणी खानावळ होती. सहा टेबलं, भिंतीला टेकवलेला फळा, आणि फळ्यावर खडूने लिहिलेले त्या दिवशीचे मासे. आम्ही आत शिरलो तेव्हा वाढपी काकांनी विचारलं, "पार्सल?" चार मुली आपल्या आपण बसून जेवायला येतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. मी, जी घरी कुणालाही उलटून बोलायची, ती गप्प उभी राहिले. वरळीवाली पुढे झाली आणि म्हणाली, "बसून. चार जणी आहोत."

बसल्यावर तिने आणखी एक गोष्ट केली. आम्ही फळा वाचत होतो, आणि तिने काकांना विचारलं, "आज काय चांगलं नाही?"

काय चांगलं आहे हे सगळेच विचारतात, आणि त्यावर सगळं चांगलं आहे असंच उत्तर मिळतं. काका जरा चपापले. गल्ल्याकडे मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सुरमई घेऊ नका. बांगडा घ्या, सकाळचा आहे." त्या दिवसापासून ती खानावळ आमची झाली. पुढची तीसेक वर्षं ती दर वेळी हाच प्रश्न विचारायची आणि काका दर वेळी खरं सांगायचे. मी दुसऱ्या हॉटेलांत हा प्रश्न विचारून बघितला आहे. माझ्या तोंडी तो भांडणासारखा वाटतो, मग वेटरही भांडायच्या तयारीने उत्तर देतो.

त्या पहिल्या रविवारी मी काय काय खाल्लं ते आजही सांगू शकते. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं. तळलेले बोंबील, बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखे मऊ. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, वडे, भात, सोलकढी. घरी मासे काही कमी नव्हते. पण घरी मधली तुकडी कुणाची हे ठरलेलं असायचं आणि ती माझी कधीच नसायची. वडिलांची, मग थोरल्या भावाची, मग धाकट्याची. मला आणि आईला शेपटी. आईने त्याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नाही आणि मी काढला की ती मलाच गप्प बसवायची. खानावळीत वरळीवालीने ताटली माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मधली घे. डोकं मला ठेव." मला वाटलं भिडेपोटी म्हणते आहे. पण तिला डोकंच आवडायचं. ती ते इतकं मन लावून खायची की आमचं जेवण उरकून हात धुवून झाले तरी तिचं चालूच असायचं, आणि आम्ही तिघी तिच्याकडे बघत सोलकढी पीत बसायचो.

माशाचा काटा काढायची तिची पद्धत होती. बांगडा शेपटीकडून हलकासा दाबायचा, बोट आत सरकवायचं आणि एका झटक्यात मधला काटा अख्खा बाहेर. फणीसारखा तो काटा ताटाच्या कडेला ठेवायचा. गिरगाववाली आयुष्यभर मासे खाऊनही काट्याला घाबरायची, तिच्या ताटात कायम वरळीवालीने सोडवलेला बांगडा पडायचा. आणि चष्म्यावरून बघणारी ती बाई लहान मुलीसारखी तो निमूट खायची.

नंतर नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, मुलं झाली. वरळीवाली परळच्या एका हॉस्पिटलच्या ऑफिसात लागली, मी विमा कंपनीत. आमचा एकच नियम होता की खानावळीत नवरे नाहीत आणि मुलं नाहीत. दीड-दोन महिन्यांतून एकदा, दुपारी साडेबाराला, गर्दी व्हायच्या आत. घरी सांगायचं की ऑफिसातल्या बायका जेवायला चालल्या आहेत. खरं सांगितलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं, पण खोटं सांगून खाल्लेल्या पापलेटाची चव वेगळी.

माझी आई गेली त्यानंतर पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मी बांगड्याचं तिखलं मागवलं आणि पहिल्याच घासाला थांबले. आईच्या हाताची चव अगदी तशीच होती असं नाही, पण तिरफळाचा वास तोच. मी ताट बाजूला सारलं. माहीमवाली रडायला लागली, गिरगाववाली समजुतीचं काहीतरी बोलू लागली. वरळीवालीने माझ्या ताटातला बांगडा सोडवला, काटा काढला, भात कालवला आणि ताट परत माझ्यापुढे ठेवलं. "आई आठवली म्हणून बांगडा टाकणार? खा गुपचूप." मी गुपचूप खाल्लं. माझ्याशी असं बोलायची हिंमत असलेली ती एकच होती.

आता वारांकडे येते. चौघींनी भेटायचं ठरवणं हे मुलीचं लग्न ठरवण्याइतकं अवघड काम होतं. पूर्वी शेजाऱ्यांच्या फोनवरून, मग घरच्या फोनवरून, आणि मग ग्रुपवर, संवाद तोच.

"बुधवारी?"

"बुधवारी संकष्टी ना गं."

"मग शुक्रवारी?"

"माझे सोळा शुक्रवार चालू आहेत. मासे सोड, आंबटही नाही चालत. सोलकढी नाही तर येऊन काय करू?"

"रविवारी?"

"रविवारी नणंद येतेय. तिला सोडून कशी येऊ?"

माझे सोमवार-गुरुवार, माहीमवालीचे मंगळवार-शनिवार, गिरगाववालीच्या सगळ्या चतुर्थ्या, एकादश्या आणि मधेच सुरू होणारे नवीन उपास. शेवटी उरायचे बुधवार, शुक्रवार आणि रविवार, त्यातूनही अर्धे कापले जायचे. आम्ही तिघी कॅलेंडरसमोर उभ्या राहून वाद घालायचो, आणि मग वरळीवालीचा आवाज यायचा, नाहीतर मेसेज. "तुमचं ठरलं की सांगा. मला काय, कुठलाही वार चालतो."

तिला वार नव्हते. तिच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच त्यांच्या घरातून उपास आणि नवस गेले होते. घरात बुद्धाची मूर्ती, समोर मेणबत्ती, पण अमुक दिवशी अमुक खायचं नाही असं काही नाही. ती आमच्या वारांची थट्टा करायची, पण कधी टोचून नाही. "तुमच्या देवांनी आपसांत बसून एक मीटिंग घ्यायला पाहिजे," म्हणायची. "सगळ्यांनी मिळून एकच वार घ्या म्हणावं, बाकीचे सहा आम्हाला सोडा." माहीमवाली हसून हसून पाणी मागायची.

एका वर्षी कॅलेंडरात आम्हाला एक सुरेख रविवार सापडला. चतुर्थी नाही, एकादशी नाही, कुणाची नणंद नाही. तिघींनी लगेच ठरवून टाकला आणि मी तिला फोन केला. ती म्हणाली, "त्या दिवशी नको गं." तिने नको म्हणायची ती पहिलीच वेळ. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि नवऱ्याकडे कुरकुर केली की एवढा मोकळा दिवस मिळाला होता तोही हिने घालवला. नवरा पेपर वाचत होता. तो म्हणाला, "सहा डिसेंबर आहे."

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर माणसांचा समुद्र लोटतो हे मी लहानपणापासून बघत आले आहे. ती आणि तिच्या चाळीतली मंडळी दरवर्षी आलेल्यांना पाणी आणि जेवण वाटायला उभी असतात, हेही तिनेच मला किती वेळा सांगितलं होतं. तरी कॅलेंडर बघताना माझ्या डोक्यात आलं नाही. तिथे संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता हे मला दिसायचं, तिचा दिवस दिसायचा नाही. पुढच्या बुधवारी भेटलो तेव्हा मी काहीतरी माफीसारखं पुटपुटले. तिचे पाय सुजले होते, तिने चप्पल काढून पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवले होते. "सोड गं," ती म्हणाली, "पापलेट थंड होतंय."

मी सोडून दिलं. मला सोडून द्यायला सांगितलं की मी फार पटकन सोडते.

गेल्याच्या गेल्या वर्षी, आषाढ संपत आला होता तेव्हा, एका सोमवारी दुपारी तिचा फोन आला. मी नुकतीच निवृत्त झाले होते. आमच्या चाळीचा आता टॉवर झाला आहे, बाराव्या मजल्यावर आमचं स्वयंपाकघर. तिथे मी वड्यांचं पीठ दळून आणायची यादी करत होते. तिने नेहमीसारखी हवापाण्याची चौकशी केली आणि मग म्हणाली, "या आठवड्यात भेटूया का?"

तीस-पस्तीस वर्षांत दिवस तिने सुचवला अशी ही पहिलीच वेळ. आज हे मला लख्ख दिसतं. तेव्हा मी फक्त मान वर करून कॅलेंडर बघितलं. बुधवारी एकादशी, म्हणजे गिरगाववाली गेली. शुक्रवारी माहीमवालीच्या सुनेचं डोहाळजेवण. रविवारी अमावस्या, गटारी, श्रावण लागायच्या आधीचा शेवटचा दिवस, आणि माझ्याकडे दीर, जावा, पुतणे मिळून सोळा माणसं कोंबडी-वडे खायला.

"अगं, या आठवड्यात कुठे," मी म्हटलं. "आणि सोमवारपासून श्रावण. आता श्रावण संपल्यावरच."

त्या दोघींना मी विचारलंसुद्धा नाही. कॅलेंडर वाचून मीच त्यांच्या वतीने उत्तर दिलं.

ती म्हणाली, "चालेल." मग विचारलं, काय करतेयस. मी वड्यांचं सांगितलं. ती म्हणाली, पिठात धणे जरा भाजून घाल, कच्चे घालू नकोस. त्यावर आम्ही दहा मिनिटं बोललो. ती हसलीसुद्धा. फोन ठेवताना म्हणाली, "ये मग श्रावण संपवून लवकर." मी म्हटलं, तो काय माझ्या हातात आहे.

श्रावणात ती ग्रुपवर दिवस मोजू लागली. "अजून चोवीस." "अजून एकोणीस." जिला श्रावण पाळायचा नव्हता ती आमचा श्रावण मोजत होती. आम्हाला त्याची गंमत वाटली. माहीमवाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवायची. गिरगाववालीने लिहिलं, "एवढी घाई असेल तर तू आधी जाऊन खाऊन ये." त्यावर तिने उत्तर दिलं, "एकटीने काय खायचं." अकराच्या आसपास मोजणं थांबलं. मला वाटलं, कंटाळली.

श्रावण संपला तो गणपती घेऊन. त्या दिवसांत लालबागच्या माणसाने घराबाहेर पडायचं म्हणजे आपल्याच गल्लीत आपण पाहुणे. भाजी आणायला गेलं तरी रांगेतली माणसं विचारतात, मधेच कुठे घुसता? विसर्जन झालं तेव्हा पितृपक्ष लागला आणि गिरगाववालीच्या सासऱ्यांची तिथी आली. शेवटी तिथीच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार ठरला. मी ग्रुपवर लिहिलं, "बुधवार, साडेबारा, पक्कं." वरळीवालीचं उत्तर आलं नाही. तिला कुठलाही वार चालतो, म्हणून कुणी विचारलंही नाही.

सोमवारी सकाळी तिच्या नंबरावरून मेसेज आला. तिच्या मुलीने लिहिला होता. आई काल गेली.

आम्ही तिघी वरळीला गेलो. चाळ पाडायला काढल्यापासून ती जवळच्याच एका इमारतीत तात्पुरती राहत होती, तिथला पत्ता आम्हाला विचारत विचारत शोधावा लागला. तिथल्या बायकांच्या बोलण्यातून कळलं की ती अडीच-तीन महिने आजारी होती. आम्हाला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, राग आला. तिच्यावर. सांगितलं का नाही? एक शब्द बोलली असती तर मी एकादशी-बिकादशी काही बघितली नसती. असं मी घरी आल्यावर नवऱ्याला मोठ्या आवाजात सांगत होते.

नंतर आम्ही तिघी खानावळीत गेलो नाही. ग्रुप अजून आहे, त्यावर सणासुदीला फुलांची चित्रं येतात. दादरला मी आठवड्यातून एकदा तरी जाते, पण त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले की पाय आपोआप दुसरीकडे वळतात. घरी बांगडे आणते, तिरफळं घालते, चव जमते. जमलेली चव एकटीला खाववत नाही. नवरा समोर बसून जेवत असतो, तो चांगला माणूस आहे, पण त्याला माशाचं डोकं आवडत नाही, ते मी बाजूला काढते तेव्हा मला ती हवी असते. नुसती आठवण नको. ती, समोर बसलेली, हात बरबटलेले, "थांब गं, माझं व्हायचंय," म्हणणारी. साठीला आलेल्या बाईने इतका हट्ट करू नये, पण आहे तो आहे.

होळी झाल्यावर तिच्या मुलीचा फोन आला. अठ्ठावीस-तीसची असेल, एका लॅबमध्ये काम करते. लहानपणापासून मला मावशी म्हणते, पण आमच्या नियमामुळे तिने ती खानावळ कधी पाहिली नव्हती. "मावशी, आई जिथे जेवायला जायची ते दाखवाल का? मला सुट्टी मात्र गुरुवारीच असते."

माझी नजर सवयीने कॅलेंडरकडे गेली. गुरुवार माझा. पण यावेळी माझ्या तोंडून "चालेल" निघालं.

खानावळ तीच होती, टेबलं बदलली होती, भिंतीला टाइल्स लागल्या होत्या. काका गावी गेले होते, कायमचे. नवीन वाढपी तिशीतला. फळा मात्र तसाच, खडूने लिहिलेला. मुलीने मागवलं, मी तिला सांगत गेले. आईला काय आवडायचं, आई काय विचारायची. तिने बोंबील घेतले आणि बांगड्याचं तिखलं. मग वाढप्याने माझ्याकडे बघितलं.

"मला काही नको," मी म्हटलं. "आज गुरुवार आहे. मी सोलकढी घेईन."

"ताई, शाकाहारी थाळी आहे की," तो म्हणाला. "काळ्या वाटाण्याचं सांबार, दोन भाज्या, वडे, भात."

"ही कधीपासून ठेवायला लागलात?"

"मी आलो त्याच्या आधीपासून आहे." त्याने फळ्याकडे बोट केलं. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, शाकाहारी थाळी असं लिहिलं होतं. इतकी वर्षं आम्ही तो फळा वाचला. आमचं वाचणं माशांशी संपायचं.

आम्ही जेवू लागलो. मुलगी आईसारखी खात नव्हती, काटे जिभेने शोधत हळूहळू खात होती. मी तिचा बांगडा सोडवून द्यायला गेले, पण माझ्या हातून काटा तुटला. ती म्हणाली, राहू दे मावशी. मग तिने सांगायला सुरुवात केली. आई बुधवार, शुक्रवार आणि रविवार कुणाला द्यायची नाही. कुठे जायचं ठरलं की म्हणायची, थांबा, माझ्या मैत्रिणींचं ठरलं तर? पप्पा चिडायचे, म्हणायचे, त्या बायकांचं दोन महिन्यांत एकदा ठरतं आणि तू आठवड्यातले तीन दिवस अडवून बसतेस. आई म्हणायची, त्यांचं कधी जमेल सांगता येत नाही, मी तरी मोकळी असायला पाहिजे.

मी पाणी प्यायले.

"आषाढात रिपोर्ट आला," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, ट्रीटमेंट चालू झाली की खाणं कमी होईल, तिखट तर बंदच. म्हणून तिला त्याच्या आधी तुम्हाला भेटायचं होतं. तुम्हाला सांगायचं नव्हतं. म्हणाली, सांगितलं की जेवणाचा मूड जाईल, तिघी रडत बसतील. श्रावणाचे पहिले पंधरा-वीस दिवस ती नीट जेवत होती. नंतर घास जाईना."

मी मान हलवली. अकराच्या आसपास मोजणं का थांबलं होतं ते मला कळलं. मी भातावर सांबार घेतलं आणि कालवत बसले.

मुलगी माझ्या ताटाकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग तिने विचारलं, "मावशी, मग श्रावणात असं बसता आलं नसतं का? तिने मासे आणि तुम्ही हे?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. वार न पाळणाऱ्या घरात ती वाढली आहे. तिला वाटलं असणार की आमच्यात याचाही एखादा नियम असेल, श्रावण पाळणाऱ्याने मासे खाणाऱ्याच्या समोर बसू नये असा, आणि तिच्या आईला तो माहीत असल्यामुळे तिने आग्रह केला नसेल.

"आलं असतं," मी म्हटलं. "तसा काही नियम नाही."